पुस्तक येऊ द्या

बोरसे सरांना आमच्या ऑफिसात सगळे 'येऊद्या' म्हणायचे. तोंडावर नाही हो, पाठीमागे. या माणसाला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. "सर, मिलवाले विचारतायत, हा हिशेब मोबाइलवर कधी दिसणार?" "दिसेल की. पुस्तक येऊ द्या." "सर, हा रिपोर्ट उघडायला एवढा वेळ का लागतो?" "त्याचं मूळच बदलायला लागेल. पुस्तक येऊ द्या." एकदा माझ्या डोक्यावरचा पंखा खडखडत होता आणि इलेक्ट्रिशियनचा पत्ता नव्हता, तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, "याचंही पुस्तक यायचंय वाटतं!" सगळं ऑफिस हसलं. सरही हसले. मग स्टुलावर चढले आणि पंख्याचा स्क्रू आवळून दिला.

ऑफिस म्हणजे रिंग रोडच्या एका कापड मार्केटात वरच्या मजल्यावर दोन खोल्या. आमचे शेठ जिग्नेशभाई डाइंग मिलवाल्यांना प्रोग्राम विकतात. कुठल्या पार्टीचे किती ताके आले, कुठल्या लॉटला कुठला रंग लागला, किती माल परत गेला, सगळं त्यात बघायचं. मी तिथे बिलं करते. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून जळगावहून सुरतेला आले, आणि पुढे त्यांनी बढतीच नाकारली, तेव्हापासून इथलीच झाले. तो मूळ प्रोग्राम मात्र एकट्या बोरसे सरांनी लिहिलेला. माणूस शिरपूरकडचा. वडील लूमवर काम करायला उधन्याला आले तेव्हा सर आईच्या कडेवर होते. कॉलेज अर्ध्यात सुटलं, शिकवायला कुणी नव्हतं. फुटपाथवर मिळालेल्या एका जाडजूड पुस्तकातून ते प्रोग्राम लिहायला शिकले. "आमच्या अख्ख्या भाऊबंदकीत खुर्चीवर बसून काम करणारा मी पहिला," असं एकदा जेवताना म्हणाले होते. मला वाटलं, अभिमानाने सांगतायत. ती धास्ती होती, हे पुष्कळ नंतर कळलं.

आता हे पुस्तकाचं काय ते नीट सांगते, कारण मलाही ते डोक्यात शिरायला वेळ लागला. परदेशात कॉम्प्युटरच्या पुस्तकांचे काही प्रकाशक आहेत, ते पुस्तक लिहून व्हायच्या आधीच विकायला काढतात. लेखकाची दोनच प्रकरणं झालीत, तरी तुम्ही पुस्तक घेऊन टाकायचं. मग तो जसजसा लिहील तसतसं एकेक कच्चं प्रकरण तुमच्या ईमेलवर येणार. तुम्ही ते वाचायचं, चूक दिसली तर कळवायची, आणि सगळं पुरं झालं की छापील प्रत टपालाने घरपोच. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "सर, नवरा-नवरी ठरायच्या आधीच आहेर पाठवता होय तुम्ही?" तर म्हणतात कसे, "आहेर आधी पोचला तर लग्न करायचा धीर येतो, ताई. लेखकालाही येतो."

नवं प्रकरण आलं की त्या सकाळी आम्हाला लोचो. मार्केटच्या कोपऱ्यावरून सर तो डाळीचा सुरती नाश्ता गरमागरम, वर तेल आणि शेव घातलेला, कागदात बांधून आणायचे. प्रकरणात काय आहे ते आम्हाला कुणालाच कळत नसे, पण पुढचं कधी येणार याची चौकशी सगळे करायचे. जिग्नेशभाई तर केबिनच्या दारातूनच ओरडायचे, "बोरसेभाई, चोपडी आवी?" सर म्हणायचे, "एक प्रकरण आलंय, शेठ." "तो लोचो क्यां छे?" आणि लगेच बशा निघायच्या.

लोचो खाऊन झाला की सर चष्मा पुसून वाचायला बसायचे. पेन्सिल हातात. पडद्यावर पेन्सिलीने काय करणार, पण हातात लागायची. ओळ न् ओळ वाचायचे, आणि चूक सापडली की डिक्शनरी उघडून इंग्रजीत लेखकाला कळवायचे. "प्रिय महोदय, आपल्या पाचव्या प्रकरणात..." अशी सुरुवात. लेखकाचं उत्तर यायचं, दोन ओळींचं, आभाराचं. त्या दोन ओळी सर मला वाचून दाखवायचे. हा लेखक कुठल्या तरी थंड देशात राहायचा. पुस्तकाला उशीर झाला की तो वाचकांना कारण कळवायचा, त्यामुळे त्याच्या घरची सगळी हकीकत सरांना पाठ. मुलीला ताप होता, घर बदललं, नव्या घरात पाइप फुटला. "माणूस आहे तो, ताई. लहान लेकरू आहे घरात." अहो, स्वतःच्या साडूची एवढी खबर कुणाला नसते! मी म्हणायचे, "तुमचा लेखक" आणि ते दुरुस्त करायचे, "आपला लेखक."

छापील प्रत यायची ती ऑफिसच्या पत्त्यावर. लिंबायतला त्यांच्या गल्लीत एकाच नंबरची तीन घरं, कुरिअरवाला भलतीकडेच देऊन जायचा. पार्सल मीच सही करून घ्यायचे. आता आम्हाला वाटणार, फोडा आणि दाखवा. छे! हा माणूस ते डब्याच्या पिशवीत घालून तसंच घरी न्यायचा. का, तर ते दादांनी फोडायचं. दादा म्हणजे त्यांचे वडील. जन्मभर लूमच्या खडखडाटात उभं राहून कानांनी बहिरे झालेले. त्यांच्या नावाने कधी चांगलं काही टपालाने आलं नव्हतं, म्हणून सर दर वेळी पार्सल त्यांच्या मांडीवर ठेवायचे. एकदा मी त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले होते तेव्हा हे बघितलं. म्हाताऱ्याने पुठ्ठा सोडला, पुस्तक उलटंसुलटं केलं, आतलं एक अक्षर कळत नव्हतं तरी पानं मधोमध उघडून शिवण अंगठ्याने दाबून पाहिली आणि अहिराणीत निकाल दिला, "शिलाई पक्की शे." सरांचा चेहरा असा फुलला, जणू परीक्षेचा निकाल लागला.

त्याच दिवशी वहिनींनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी, मला स्वयंपाकघरातली फळी दाखवली. सगळी पुस्तकं ओळीने, आणि मधेच एक भगदाड. यायच्या पुस्तकाची ती जागा! पानं किती असणार ते प्रकाशकाने आधीच जाहीर केलेलं, म्हणून सरांनी तेवढ्याच पानांच्या पुस्तकाच्या मापाने थर्माकोलचा तुकडा कापून, त्याला खाकी कागद लावून तिथे उभा केला होता. "माझे मसाल्याचे डबे जमिनीवर आणि थर्माकोल फळीवर," वहिनी म्हणाल्या. तक्रार होती, पण त्या हसतही होत्या. मी सरांना म्हटलं, "अहो, आल्यावर जागा करता येत नाही का?" ते म्हणाले, "वाट बघायला काहीतरी असावं, ताई. नाहीतर सोमवार काय आणि गुरुवार काय."

इथवर सगळी गंमतच होती. पण त्यांचा एक हट्ट असा होता की तो मला कधी पटला नाही, आणि त्यानेच पुढे सगळा घात केला. कच्ची प्रकरणं ते वाचायचे, तपासायचे, पण त्यातलं एक अक्षर कामाला लावायचे नाहीत. काम करायचं ते छापून आलेल्या पुस्तकावरूनच. मी कितीदा भांडले! "छापलेल्यातही चुका असतात की!" त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "असतात. पण त्या जागच्या हलत नाहीत. एका जागी बसलेली चूक सांभाळता येते."

हे असं का, ते एकदा डबा खाताना त्यांनीच सांगितलं. खूप वर्षांपूर्वी त्यांनी असंच एक कच्चं पुस्तक घेतलं होतं. त्यातली अपूर्णांकांचा हिशेब करायची एक रीत त्यांना फार आवडली आणि त्यांनी ती उत्साहाने मिलच्या प्रोग्राममध्ये घातली. लॉटच्या वजनावरून कुठला रंग किती टाकायचा, तो हिशेब. पुढच्याच खेपेला लेखकाने ते प्रकरण बदललं आणि लिहिलं, आधीची रीत चुकली होती, वापरू नका. सर धावत मिलवर गेले. तोवर साड्यांच्या कापडाचे लॉट भलत्याच छटेत निघाले होते आणि पार्टीने माल परत पाठवला होता. मिलने डाइंग मास्टरला काढलं. तो मास्टर म्हणजे सरांचा सख्खा मामेभाऊ, दादांनीच त्याला गावाहून आणून कामाला लावलेलं. सरांनी मॅनेजरपुढे उभं राहून सांगितलं, चूक त्याची नाही, माझी आहे, माझ्या प्रोग्रामची आहे. मॅनेजर म्हणाला, कॉम्प्युटर कशाला चुकेल, तुमचा भाऊ आहे म्हणून सांगताय. मामेभाऊ बायकोपोरं घेऊन शिरपूरला परत गेला. तेव्हापासून बोलत नाही, लग्नाकार्यालाही येत नाही. हे सांगताना सरांनी हातातली पोळी तशीच धरून ठेवली होती. "त्याला रंगाचा हात होता हो," एवढंच म्हणाले. मी त्या दिवशी पुढे भांडले नाही, आणि माझ्यासारखीने न भांडणं म्हणजे काय ते आमच्या घरच्यांना विचारा.

मग ते वर्ष आलं. मिलवाल्यांची नवी पिढी गल्ल्यावर बसली आणि त्यांना सगळं फोनवर पाहिजे झालं. सरांचा प्रोग्राम जुन्या भाषेतला, तो फोनवर चालेना. दोन मोठ्या मिल्स सोडून गेल्या. जिग्नेशभाईंनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. शेठ माणूस वाईट नाही, आवाज चढवला नाही. म्हणाले, "बोरसेभाई, तमे बनाव्यो छे, तमे ज बदलो. दिवाळी सुधी करी आपो, बस. नहीं तो मारे बीजुं विचारवुं पडशे." दिवाळीपर्यंत झालं नाही तर बीजुं, म्हणजे दुसरं काहीतरी. ते दुसरं काय, हे आम्हा दोघांनाही न सांगता कळलं. पन्नाशी उलटलेला, अर्धवट शिकलेला माणूस. ही खुर्ची गेली तर दुसरी खुर्ची कोण देणार होतं?

आणि नेमकं त्याच विषयाचं पुस्तक सरांनी घेतलेलं होतं. जुन्या भाषेतला प्रोग्राम, काम न थांबवता, तुकड्यातुकड्याने नव्यात कसा न्यायचा. थंड देशातल्या त्या लेखकाचंच. सात प्रकरणं आली होती. आठव्यात खरी गोम होती. मिल चालू असताना, माल आत-बाहेर होत असताना, जुनं काढून नवं कसं बसवायचं ते त्यात येणार होतं. पुस्तक ऑगस्टमध्ये छापून येणार, असं जाहीर झालेलं. सरांनी मला समजावलं, "ऑगस्टला पुस्तक, मग दिवाळीपर्यंत आरामात होतं, ताई. रीत एकदा हातात आली की बाकी हमाली आहे." त्यांच्या डोळ्यांत इतका भरवसा होता की मीसुद्धा ऑगस्टची वाट बघायला लागले.

ऑगस्ट आला आणि प्रकाशकाच्या वेबसाइटवर ऑगस्ट पुसून ऑक्टोबर लिहिलं गेलं. लेखकाने या वेळी कारणही दिलं नाही. गणपती बसले, उठले. लोचो बंद. जिग्नेशभाई रोज विचारायचे, "चोपडी आवी?" आणि सर म्हणायचे, "येणार, शेठ. आता येणारच." पूर्वी त्या प्रश्नाला सगळे हसायचे. आता सगळे खाली माना घालून कामात असल्यासारखं करायचे. माझ्याने राहवेना. एका दुपारी मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "सर, सात प्रकरणं आहेत ना हातात? तेवढ्यावर सुरू करा. चुकलं तर चुकलं. नाहीतर दुसरं कुठलं पुस्तक घ्या, कुणाला तरी विचारा, पण कृपा करून काहीतरी करा हो!" ते म्हणाले, "मिलमध्ये माणसं असतात, ताई. माझं चुकलं तर काढतात त्यांना." मला त्यांचा संताप आला. इतका की चहाचा कप आपटून मी जागेवर गेले. आणि तरी मनात वाटत होतंच की ह्या माणसाचं चुकतंय असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

दसऱ्याच्या सुमाराला जिग्नेशभाईंनी धवल नावाचा एक मुलगा घेतला. वराछाचा, हसतमुख, कानात सदा हेडफोन. तो पुस्तकबिस्तक काही वाचत नसे. कॉम्प्युटरमधल्या त्या बोलत्या मशीनला विचारायचा, हे असं आहे, ते तसं करून दे, आणि मशीन करून द्यायचं. सरांचा सगळा जुना प्रोग्राम त्याने मशीनसमोर ओतला. दहाबारा दिवसांत नवा उभा राहिला, फोनवर चालणारा, रंगीत. सर त्याच्या मागे उभे राहून बराच वेळ बघत होते. "हे कुठून घेतलंस, बेटा?" त्यांनी विचारलं. "मशीने आप्युं, अंकल." "मशीनने कुठून घेतलं?" धवल हसला. "खबर नथी. पण चाले छे ने!" सरांनी त्याच्याकडून दोन-तीन लॉट टाकून घेतले. रंगाचा हिशेब स्वतः कागदावर करून ताडून बघितला. मला तर, खरं सांगते, ते चुकावं असंच वाटत होतं. काही चुकलं नाही. "चालतंय," सर म्हणाले. "चांगलं चालतंय." आणि धवलच्या पाठीवर थाप मारून आपल्या जागी येऊन बसले.

त्याच आठवड्यात प्रकाशकाची मेल आली. पुस्तक रद्द. लेखक ते पुरं करू शकत नाही, क्षमस्व, याऐवजी आमचं दुसरं कुठलंही पुस्तक निवडा. सरांनी मला हाक मारून दाखवली. मी इंग्रजी दोनदा वाचलं, वाटलं आपलंच काही चुकतंय. सर मात्र लेखकाला लिहायला बसले होते. नेहमीसारखं "प्रिय महोदय." खाली लिहिलं होतं, पुस्तक छापू नका, हरकत नाही, पण आठव्या प्रकरणापासून पुढचं जे काही तुमच्याकडे असेल ते मला एकट्याला पाठवा. अर्धवट असलं, कच्चं असलं तरी चालेल. आयुष्यभर कच्च्याला हात न लावणारा माणूस हात पसरत होता.

उत्तर आलं, आणि या वेळी ते दोन ओळींचं नव्हतं. लेखकाने लिहिलं होतं की पाठवण्यासारखं काही नाही, सातव्यानंतर त्याने एक ओळही लिहिलेली नाही. असली पुस्तकं आता कुणी वाचत नाही, लोक मशीनला विचारतात. लिहायला बसलं की हात चालेनासा व्हायचा, म्हणून महिना पुसून पुढचा महिना लिहायचा. गेल्या कितीतरी दिवसांत त्याला चुका कळवणारे एकटे सरच होते, आणि म्हणूनच त्यांना हे सांगायची लाज वाटत होती. सरांनी ते सावकाश वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मग हा ऑक्टोबर, ऑक्टोबर काय म्हणत होता आपल्याला?" माझी जीभ, तिला काय म्हणावं! मी म्हटलं, "तुम्ही शेठना म्हणत होता तसंच." सर हसायला लागले. "बरोबर आहे," म्हणाले, "अगदी बरोबर आहे." हसताना चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यांनी लेखकाला लिहिलं, मुलीची तब्येत आता कशी आहे.

आमच्याकडे कुणाला काढायचं असलं तर तोंडाने सांगायची पद्धत नाही. दिवाळीच्या दिवशी ऑफिसात पूजा होते, मग सुट्टी, आणि लाभपाचमेला मुहूर्त करून पुन्हा दुकानं उघडतात. पूजेनंतर शेठ मिठाईचा डबा देताना प्रत्येकाला सांगतात, पाचमेला अमुक वाजता या. ज्याला नुसता डबा मिळतो, त्याने समजायचं. मला सांगितलं, धवलला सांगितलं, चहावाल्यालासुद्धा सांगितलं. सरांच्या हातात डबा देताना जिग्नेशभाईंनी तो दोन्ही हातांनी दिला, वाकून त्यांच्या पाया पडले, आणि काही बोलले नाहीत. सरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा," म्हणाले. मग टेबलावरची पेन्सिल खिशाला लावली, सगळ्यांना नमस्कार केला, आणि मला म्हणाले, "निघतो, ताई. पंख्याचा स्क्रू मधूनमधून बघत जा." मी त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेले नाही. मला बघवलंच नसतं.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी तिळगुळाचं निमित्त करून लिंबायतला गेले. दादा दारातच खाटेवर उन्हाला बसले होते. त्यांनी मला ओळखलं, आणि बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "मन्हा आंडोरले मोठी कंपनीनी बलाई लिधं! इच्छापोरले!" पोराला इच्छापोरच्या मोठ्या कंपनीने बोलावून घेतलं म्हणे! मला वाटलं, चला, देव पावला. आत गेले तर वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "ठेकेदाराकडे आहेत. गेटवर उभं राहून आत-बाहेर जाणाऱ्या ट्रकांचे नंबर घ्यायचे. दादांना माहीत नाही. त्यांना वाटतं, कॉम्प्युटरच आहे." मसाल्याचे डबे आता फळीवर, थर्माकोलच्या जागी गेलेले दिसले.

सर पाळी संपवून आले ते कंपनीच्या बसमधून उतरून चालत. अंगात ठेकेदाराचं निळं जॅकेट. मला बघून खूप आनंद झाला त्यांना. पाय धुऊन आले आणि खाली जमिनीवर, भिंतीला टेकून, पाय लांब करून बसले. घोटे सुजून टम्म झाले होते. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी टॉवेल पायांवर ओढला. ऑफिसातल्या सगळ्यांची चौकशी केली, धवलचीही. मी विचारलं, "सध्या काय वाचताय?" "काही नाही." "मग यायचंय कुठलं?" "कुठलंच नाही, ताई. आता मेल उघडत नाही मी." हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मी माझंच गाऱ्हाणं काढलं. जिग्नेशभाई म्हणतायत की पुढच्या दिवाळीपासून बिलंही मशीनच करणार. ते एकदम सावरून बसले. पूर्वीसारखे, कुणाचं काही अडलं की बसायचे तसे. "मग शिका काहीतरी, ताई. वेळ आहे तोवर शिकून घ्या."

"शिकते की," मी म्हटलं. "कुठल्या पुस्तकातून शिकू, तेवढं सांगा."

मी चेष्टेने नव्हतं हो विचारलं. मला खरंच पाहिजे होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना काहीही विचारलं तरी पुस्तकाचं नाव त्यांच्या ओठावर तयार असायचं, कधी कधी तर मी प्रश्न पुरा करायच्या आधी. त्यांनी तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं, मग टॉवेलकडे बघितलं. आणि तसंच मिटलं. मी वाट बघत बसले. वहिनी चहा घेऊन येऊन उभ्या राहिल्या, त्याही बघत राहिल्या. मला कळून चुकलं की आता मला कुणीच काही सांगणार नाही.

दादा कधी आत येऊन बसले होते कोण जाणे. आमचे चेहरे बघून त्यांना वाटलं असणार, काहीतरी महत्त्वाचं चाललंय. त्यांनी सरांच्या गुडघ्याला हात लावून ओरडून विचारलं, "काय म्हनी ऱ्हायनी रे ती?"

सर पुढे झुकले. दादांच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "हाफिसमा सम्दा मन्ही याद करतस, आसं म्हनी ऱ्हायनी!"

ऑफिसात त्यांचं नाव माझ्याखेरीज कुणी काढत नाही. म्हाताऱ्याने माझ्याकडे वळून बघितलं, खरं का म्हणून. मी जोरजोरात मान डोलावली.